कॉन्ट्राच्या गोळ्या का लुकलुकायच्या

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम मिळायचे ना, कॅसेट घालायचे, ते बरेचसे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम ह्या गेम मशीनची नक्कल होते, आणि त्यावर कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेम खेळताना गर्दी झाली की माणसं आणि गोळ्या लुकलुकायला लागायच्या. मग पोरं कॅसेट काढून फुंकर मारायची. पण बिचाऱ्या कॅसेटचा काही दोष नव्हता.

(पडद्यावर: गेममधला गर्दीचा सीन, स्लो मोशन)

त्या मशीनमध्ये चित्र काढायला वेगळी चिप असते आणि तिला दोनच गोष्टी कळतात, बॅकग्राउंड आणि स्प्राइट. बॅकग्राउंड म्हणजे 8 बाय 8 पिक्सेलच्या टाइल्स, फरशीसारख्या शेजारी शेजारी बसवलेल्या. त्यांच्यावरून मोकळं फिरतं ते स्प्राइट, म्हणजे मारिओ, कासव, गोळी वगैरे. छोटा मारिओसुद्धा एकसंध नाही हं, असे 4 छोटे स्प्राइटचे तुकडे जोडून बनलाय. हे तुकडे सगळ्या पडद्यावर मिळून 64 आणि एका आडव्या ओळीत फक्त 8, नववा आला की चिप तो काढतच नाही. आता शत्रूची गोळीच दिसली नाही तर खेळणार कसं? म्हणून प्रोग्रामर दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर नवं चित्र काढताना दर वेळी, स्प्राइटच्या यादीचा क्रम बदलायचे, त्यामुळे प्रत्येक वेळी वेगळाच कुणीतरी गळायचा, आणि सेकंदाला 60 च्या आसपास फ्रेम असल्यामुळे पूर्ण गायब कुणीच व्हायचं नाही, नुसतं लुकलुकायचं. ह्यालाच फ्लिकर म्हणतात. लोक त्याला बिघाड समजले, मला विचाराल तर त्या गेममधलं सगळ्यात हुशार काम तेच आहे.

आता पॅलेट. टाइलमध्ये रंग नसतो, नुसते नंबर असतात, कुठल्या नंबरला कुठला रंग ते पॅलेट, म्हणजे रंगांची छोटी यादी, ठरवते. 1985 च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये वरचा ढग आणि खालचं झुडूप नीट बघा, टाइल्स त्याच आहेत, एकाला पांढरं पॅलेट, दुसऱ्याला हिरवं. अख्खा गेम 40 किलोबाइटचा, काटकसर करणं भागच होतं.

(पडद्यावर: वरची स्कोअरची पट्टी, झूम)

आणि स्क्रोलिंग. मारिओ पळतो तशी सगळी बॅकग्राउंड सरकते पण वरची स्कोअरची पट्टी जागेवरच, असं कसं, चिपला तर वेगळी लेयर ठेवताच येत नाही? तर पट्टीत जे नाणं दिसतं ना, त्याच्या मागे एक स्प्राइट दडवलाय, यादीतला पहिला, स्प्राइट झिरो. टीव्हीचा किरण वरून खाली चित्र काढत काढत त्याच्यापर्यंत पोचला की चिप एक खूण वर करते, प्रोसेसर तोवर दुसरं काही न करता नुसता त्या खुणेवर डोळा ठेवून असतो, ती दिसली की थोडं थांबून स्क्रोलचा आकडा, म्हणजे बॅकग्राउंड किती सरकवायची तो, बदलतो आणि तिथून खालचं जग सरकतं. हे दर फ्रेमला, गेम चालू असेपर्यंत.