किती जनावरं हैत तुमच्याकडं?

नमस्कार मंडळी. परभणीत वसमत रोडच्या अंगाला आमचा जनावरांचा निवारा आहे. निवारा म्हणलं की लोकांना मोठं काहीतरी वाटतं, पण दोन पत्र्याचे शेड, आठ पिंजरे, एक बोअर अन् आम्ही पाच-सहा जण, आपापली नोकरी-दुकान सांभाळून पाळीपाळीनं जाणारे, बस्स एवढंच. भेटणारा माणूस पहिला प्रश्न ठरलेला विचारतो, "किती जनावरं हैत तुमच्याकडं?" मी म्हणते, आज अकरा. की लगेच चेहरा उतरतो. अकराच? आता ह्यांना कसं सांगू की आकडा खाली आला की आम्हाला बरं वाटतं. पिंजरा अडकून राहिला की तिकडं कोणाचं तरी पाय मोडलेलं कुत्रं रस्त्याच्या कडेला पडून राहतं, साधा हिशोब आहे.

मुनीमचंच सांगते. मुनीम म्हणजे मोंढ्यातलं, आमच्या धान्यबाजारातलं, तांबडं कुत्रं, दिवसभर सोयाबीनच्या पोत्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघायचं, म्हणून हमालांनी हे नाव ठेवलेलं. गेल्या पावसाळ्यात एका हमाल मामाचा फोन आला, "ताई, मुनीमच्या मानंत किडे पडलेत, लई वास येऊ लागलाय, जवळ येऊ देईना." गेलो तर मानंवर हिरवा लगदा थापलेला. सीताफळाचा पाला वाटून लावला होता मामानं. मी हसले नाही, कारण सीताफळाच्या पाल्यात अन् बियांत किडे मारायचा गुण असतोच, आपली आजी-पणजी बैलाच्या जखमेला तेच लावायची. फक्त बियांची पूड डोळ्याजवळ कधी न्यायची नाही, डोळा जातो. अन् फिनेल, रॉकेल, पेट्रोल तर कुठंच ओतू नका, किडे मरतील पण खालचं मांस जळतं, असे जळलेले कुत्रे आम्ही वर्षाला बघतो.

काम किळसवाणं आहे, पण सांगते कारण हेच आमचं निम्मं काम. माशी ओल्या जखमेवर अंडी घालते, दिवसभरात अळ्या निघतात अन् आत आत खात जातात. वरून जखम चवलीएवढी अन् आत बोट जाईल असा बोगदा. तोंड जाळीनं बांधायचं, आजूबाजूचे केस कापायचे, आत टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापूस धरायचा, मग त्या गुदमरून वर येतात अन् चिमट्यानं एक एक काढायची. मुनीमच्या मानंतून पहिल्या दिवशी निघाल्या त्या मोजायचं मी साठानंतर सोडून दिलं. मग धुवून नेगासंट, म्हणजे किडे पडलेल्या जखमेवर टाकायची पावडर, पेनकिलर, गळ्यात प्लास्टिकचा कोन. दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशी परत, कारण एक जरी आत राहिली तरी सगळं पहिल्यापासून.

तो तीन आठवडे होता. त्यातच त्याची नसबंदी करून घेतली, रेबीजची लस दिली, अन् भूल उतरायच्या आत कानाचा छोटासा तुकडा कापला. हा कान बघून लोक आमच्यावर चिडतात, कुणी कापला म्हणून. अहो ती खूण आहे, ह्याचं ऑपरेशन झालंय, परत धरून पोट फाडू नका एवढं सांगायला.

अन् मग त्याला परत मोंढ्यातच सोडायचं. इथं सगळ्यात जास्त भांडण होतं. "नेलंच आहे तर दूर सोडा ना जिंतूरकडं." नियम २००१ पासून आहे, २०२३ ला नवे नियम आले त्यातही तेच, जिथून उचललं तिथंच सोडायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं, पिसाळलेलं किंवा फार आक्रमक कुत्रं तेवढं वगळून. नोव्हेंबरमध्ये मात्र कोर्टानं शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथले कुत्रे परत तिथं सोडायचे नाहीत असं सांगितलं, मग त्यांना ठेवायचं कुठं हा प्रश्न आमच्यासारख्या आठ पिंजरेवाल्यांपुढं आ वासून उभा आहे, मुनीम मोंढ्यातला निघाला म्हणून सुटला म्हणायचं. नियमामागचं कारण गल्लीत राहणाऱ्याला कळतं. एक टोळी हलवली की जागा मोकळी पडते, खरकटं तिथंच असतं, आठ दिवसांत शेजारची टोळी येते, तिची ना नसबंदी झालेली ना लस. कुत्री जेमतेम ६३ दिवस गाभण राहते अन् वर्षातून दोनदा विते, करा हिशोब.

आता पोत्याबद्दल. महिन्या-दोन महिन्यातून एकदा सकाळी गेटला पोतं लटकवलेलं असतं अन् ते हलत असतं. डोळे न उघडलेली पिल्लं. लोक पुण्य समजून ठेवून जातात. आईपासून तोडलेलं असं पिल्लू जगवणं फार अवघड, अन् त्यात आमच्याकडं पार्वो, हा पिल्लांचा साथीचा आजार, कधीही येतो, एकाला झाला की रक्ताची हगवण अन् दोन-तीन दिवसांत पिंजरा रिकामा. पहिल्या वर्षी मला अक्कल नव्हती, मी गाईचं दूध बाटलीनं पाजलं पोटभर, चार पिल्लांना जुलाब लागले, दोन गेली. तेव्हापासून मी गेटवर कोणाला बोलत नाही, फक्त म्हणते आईला हुडका, ती तिथंच आसपास भुंकत असंल, तिच्याजवळ खोक्यात ठेवा, दीड-दोन महिने सांभाळा, मग लसीला घेऊन या. आमच्या गल्लीतल्या एक मावशी कूलरच्या खोक्यात पिल्लं वाढवतात, भाकरी दुधात कुस्करून, पण दात आल्यावर, अन् नातवाच्या जुन्या स्वेटरवर. थंडीत परभणी काय होते ते तुम्हाला सांगायला नको.

हां, एक राहिलं. कुत्रं चावलं तर तिखट, चुना, हळद काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, अन् सरळ सरकारी दवाखान्यात. तिथं जी तारीख सांगतील ती प्रत्येक तारीख पाळायची, दोन सुया झाल्या अन् बरं वाटलं म्हणून तिसरी सोडणारे आमच्याच नात्यात आहेत. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की मग डॉक्टरच्या हातात फारसं काही उरत नाही. आणि गाय-बैल-शेळी आजारी असंल तर १९६२ ला फोन लावा, फिरतं पथक आहे, आम्ही कुत्र्या-मांजरातच गुंतलेलो असतो.

वाढदिवसाला जिलेबी अन् केक घेऊन येणाऱ्यांनी कृपया जुन्या चादरी अन् पोती आणा. जिलेबी आम्ही खाऊ.

मुनीमला टेम्पोतून नेला तेव्हा मोंढ्याच्या गेटपाशीच तो उठून उभा राहिला. मामा पोतं टाकून आला, मान हातात धरून जखम बघितली, कान बघितला, म्हणला, "कान कावून कापला ताई?" मी सांगायला लागले तोवर मुनीम उडी मारून सोयाबीनच्या पोत्यावर जाऊन बसला होता.