मधमाशी कोणत्या कपाटात?

(दृश्य: विद्यापीठाचं ग्रंथालय. टेबलावर एकच पुस्तक.)

मधमाशीवरचं पुस्तक आहे. ठेवायचं कुठे?

ग्रंथालयात पुस्तकांना विषयाप्रमाणे क्रमांक देतात. त्यासाठीच्या ड्युईच्या दशांश वर्गीकरणात मधमाशी कीटक म्हणून ५९५ मध्ये जाते, प्राणिशास्त्रात. मधमाशीपालन ६३८ मध्ये, शेतीत. आणि खाण्याचा मध ६४१ मध्ये, स्वयंपाकाशेजारी. माहितीशास्त्राच्या, म्हणजे माहिती लावून ठेवायला आणि शोधून द्यायला शिकवणाऱ्या विषयाच्या, वर्गात एवढ्याशा प्रश्नावर अख्खा तास जातो, आणि तो जायलाच हवा. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक हरवल्यात जमा असतं.

सार्वजनिक विद्यापीठात तर या तासाला आणखी वजन येतं. इथली पुस्तकं, जर्नलं लोकांच्या पैशातून आलेली असतात. ती सापडलीच नाहीत, तर पैसे लोकांचे गेले आणि हाती काहीच लागलं नाही.

गणिताचे एक प्राध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. शियाळी रामामृत रंगनाथन. शिकायला लंडनला गेले असताना तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू. जोडाल तसं नवं खेळणं. विषयही असेच जोडता येतील, हे त्यांच्या मनात आलं. १९३३ मध्ये त्यांची कोलन वर्गीकरण पद्धती छापून आली. तिथे प्रत्येक विषयाला आधीच ठरलेला कप्पा नाही. मधमाशी, तिचा रोग, त्यावरचा उपाय, असे तुकडे जोडत पुस्तकाचा क्रमांक तयार होतो. खरेदीच्या ॲपवर आपण रंग, माप, किंमत निवडत जातो, त्यामागेही हीच रीत आहे.

(दृश्य: संगणक कक्ष.)

इथे शोध मोजायला शिकवतात. समजा, साठ्यात तुमच्या कामाचे दहा लेख आहेत. शोधल्यावर आठ आले, त्यातले चार कामाचे. म्हणजे आलेल्यांत निम्मे बरोबर, पण सहा लेख साठ्यातच राहिले. जाळं मोठं टाकावं तर कचराही जास्त येतो. ही ओढाताण कुठल्याही यंत्राला पुरती सुटलेली नाही.

पण सगळ्यात मोलाचा धडा, माझ्या मते, माणसांबद्दलचा आहे. माहितीशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये तो नीट मांडला. काउंटरवर येणारा माणूस मनातला प्रश्न जसाच्या तसा विचारत नाही. इथे काय मिळू शकेल याचा अंदाज बांधून, त्याला मुरड घालून विचारतो. त्यामुळे उत्तराआधी प्रश्न उलगडावा लागतो, आणि त्याला धीर लागतो, समोरच्याबद्दल आदर लागतो.

(दृश्य: काउंटर. पलीकडे माहितीशास्त्राची विद्यार्थिनी.)

समजा, कुणी येऊन विचारतं, "कीटकांची पुस्तकं कुठे आहेत?"

५९५ कडे बोट दाखवणं सोपं आहे. विद्यार्थिनी विचारते, "काय शोधताय नेमकं?"

जरा वेळ जातो.

"पेटीतल्या माश्या मरतायत."

ती उठते. दोघं कीटकांची रांग ओलांडून पुढे जातात, ६३८ कडे.