बॉक्सवरचं विमान बनवू नका

मागे आवाज येऊन राहिला ना? ठीक. तो कूलर तेवढा थोडा वेळ बंद ठेवा, मला गरम होत नाही म्हणून नाही, इथे टेबलावर जे पार्ट मांडलेत त्यातले काही इतके बारीक आहेत की झोतात उडाले तर अर्धा तास आपण सगळे सतरंजीवर गुडघे टेकून शोधत बसू.

"हे प्लास्टिकचं मॉडेल विमान उडतं का?" असं कोणीतरी विचारणारच, तर आधीच सांगतो, नाही उडत. इंजिन नाही, रिमोट नाही. खेळणंही नाही, कारण खेळलात की मोडतं. बॉक्समध्ये पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या चौकटी येतात, त्यांना स्प्रू म्हणतात, त्या चौकटींना विमानाचे तुकडे चिकटलेले असतात, ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे आणि कपाटात ठेवायचे. एवढंच आहे. घरचे म्हणतात याला काय अर्थ आहे बाप्पा, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, मी त्या वादात पडतच नाही.

स्केल लवकर उरकतो. सगळ्यात जास्त चालणारं स्केल म्हणजे १/७२, खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे मॉडेलचा एक इंच. त्याहून मोठं १/४८, मग १/३२. १/७२ मध्ये डाकोटाचे, म्हणजे जुन्या दोन इंजिनांच्या मालवाहू विमानाचे, पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ४० सेंटीमीटर होतात आणि नॅट फायटर जेमतेम साडेनऊ सेंटीमीटर, तळहातावर बसतं. आता उलटा हिशोब करा. मॉडेलवर दोन पत्र्यांच्या मधली रेघ कंपनीने ०.२ मिलीमीटर रुंद कोरली असेल, आपल्याला दिसतही नाही नीट, पण ७२ ने गुणा, खऱ्या विमानावर ती चौदा मिलीमीटरहून जास्त रुंद फट झाली. असं विमान कोणी उडवेल का? हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुख्य मुद्दा, आणि आज मी खरं तर एवढाच सांगायला आलोय. बॉक्सवरचं विमान बनवू नका. बॉक्सवर झकास चित्र असतं, ढग, आग, मागे धूर सोडत पडणारं शत्रूचं विमान, आपण ते बघून किट घेतो, आतल्या कागदावर लिहिलंय तसं जोडतो, आतलेच स्टिकर लावतो आणि मग जगातल्या हजारो कपाटांत आहे तेच विमान आपल्याही कपाटात येतं. त्यापेक्षा आधी एक विमान ठरवा. नुसतं "मिग" नाही, कोणतं मिग, कुठल्या काळातलं, कोणत्या धावपट्टीवर उभं असलेलं, आणि त्याचे फोटो जमवा. किट मग शोधा.

असं न केलं तर काय होतं त्याचं नॅट हे चांगलं उदाहरण आहे. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर पाकिस्तानी सेबर लढाऊ विमानं आली, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों नॅट घेऊन एकटे भिडले, परमवीर चक्र मिळालं, हवाई दलाला मिळालेलं ते आजपर्यंतचं एकच परमवीर. साहजिक आहे, पोट्ट्यांना वाटतं की सेखोंचं नॅट करावं. मग ऑनलाइन शोधतात, एअरफिक्स कंपनीचं १/७२ चं नॅट दिसतं, ऑर्डर करतात. आता ते नॅट आहे ब्रिटिश ट्रेनर, टी वन, रेड अ‍ॅरोज वाले, म्हणजे ब्रिटिश हवाई कसरतींचं पथक, लाल रंगाचे उडवायचे ते. दोन सीटचं आहे, नाक लांब, पंख मोठे. सेखोंचं एका सीटचं फायटर होतं. किट स्वतःच्या जागी बरोबरच आहे हो, त्यावर फक्त भगवा-पांढरा-हिरवा गोल लावला म्हणून ते सेखोंचं विमान होत नाही. गोलाचंही सांगून ठेवतो, आपल्या हवाई दलाच्या गोलात बाहेरचं कडं भगवं आणि आतला ठिपका हिरवा. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धातलं आपलं हरिकेन लढाऊ विमान करत असाल तर त्यावर लाल रंग चालणारच नाही, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी विमानांवर लाल गोळा असायचा म्हणून गोलातला लाल काढून निळ्याच्या दोन छटा ठेवल्या होत्या. फोटो बघितला की हे सगळं कळतं, बॉक्स बघून नाही कळत.

मग नागपूरकराने काय बनवावं? माझं मत विचाराल तर टपालाचं डाकोटा. इथे किती जणांना माहीत आहे की १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा आपल्या सोनेगाववरून फिरायची? मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंनी विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करायची आणि आपापल्या गावाला परत, पहाटे तिथे पत्र हजर. देशाच्या मधोमध असण्याचा आपण एवढा गर्व करतो, झिरो माइलच्या खांबापाशी फोटो काढतो, पण त्या मधोमध असण्याचा खरा उपयोग कोणी केला असेल तर तो टपालवाल्यांनी. या चार डाकोटांपैकी एक करा, किट अवघड नाही, इटालेरीचं मिळतं, एअरफिक्सचं मिळतं.

आणि एकदा हे ठरलं की बाकीचे निर्णय आपोआप त्यातून निघत जातात, मला हीच गोष्ट या छंदात सगळ्यात आवडते. बहुतेक किट सी-४७ चं असतं, म्हणजे लष्करी मालवाहू डाकोटा, डाव्या अंगाला मागे मोठा दुपाखी दरवाजा. युद्धानंतर आपल्याकडच्या कंपन्यांनी लष्कराची उरलेलीच विमानं घेऊन वापरली, म्हणून तो दरवाजा बघून लगेच रडायचं कारण नाही, पण तुम्ही निवडलेल्या विमानाच्या फोटोत काय आहे ते बघायचं. अंगावर हिरवा लष्करी रंग नाही, उघडं अ‍ॅल्युमिनियम हवं. नोंदणीची अक्षरं भारतीय विमानांची, व्हीटी ने सुरू होणारी. डाकोटा शेपटीवर बसतं म्हणून नाकात वजन टाकायची भानगड नाही, मिगसारखं पुढे चाक असलेलं विमान असेल तर जोडायच्या आधीच नाकात शिसं भरावं लागतं, नाहीतर रंगवून झाल्यावर ते मागे कलंडून शेपटीवर बसतं आणि मग काही करता येत नाही.

जोडणीबद्दल फार बोलत नाही. स्प्रू आधी साबणाच्या पाण्याने धुवा, साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेलकट काहीतरी त्यावर राहतं आणि नंतर रंग धरत नाही. पार्ट हाताने मोडून काढू नका, निपरने कापा. गोंद लावायच्या आधी कोरडं जोडून बघा. किटसाठीचा हा गोंद चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवतो, दोन कडा वितळून एक होतात, म्हणून पातळ गोंद ब्रशने फटीला नुसता टेकवला की आपोआप आत ओढला जातो, फासायचा नाही. फेव्हिक्विकसारखा सुपरग्लू धातूच्या बारीक पट्ट्यांसाठी ठेवा, पण काचेजवळ नको. त्याची वाफ पारदर्शक पार्टवर पांढरी बसते, आणि तुमच्या बोटाचे ठसे असतील तर नेमकी त्यांवर बसते. पोलिस गुन्ह्याच्या जागेवरचे ठसे उठवायला हीच वाफ वापरतात. जुन्या साच्याच्या किटमध्ये पॅनलच्या रेघा कोरलेल्या नसतात, उंचावलेल्या असतात, जोड घासताना त्या पुसल्या जातात. काही लोक सगळ्या रेघा परत कोरतात, महिनोन्‌महिने. मी म्हणतो कशाला, मघाचा हिशोब आठवा, चौदा मिलीमीटरच्या फटी पाडायला एवढे कष्ट?

आता रंग. इथे नागपूर आडवं येतं. यूट्यूबवर जे व्हिडिओ बघता ते कुठल्यातरी थंड गावातल्या माणसाचे असतात, तो सांगतो एवढा थिनर टाका, एवढ्या अंतरावरून मारा, आणि तुम्ही मे महिन्यात ४५ डिग्रीत तसंच करता आणि पंखावर पॉलिश पेपर तयार होतो. का? एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या झोताने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या यंत्रातून, निघालेला थेंब इतका बारीक असतो की आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो विमानापर्यंत पोहोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि पावडर होऊन बसतो. अ‍ॅक्रिलिक असेल तर एअरब्रशच्या सुईच्या टोकावरही वाळतो, दर मिनिटाला अडकतो, मग पोट्टे म्हणतात एअरब्रश खराब निघाला. खराब काही नाही. रंग अजून पातळ करा, गाईच्या दुधाइतका, रंग वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे एकदोन थेंब टाका, प्रेशर कमी करा, जवळ या, आणि पहाटे पाचला उठा. दुपारी रंगाचं नाव काढू नका. कूलरच्या खोलीत तर नाहीच, हवा दमट मिळते हे खरं पण खसच्या ताट्यांतली कुसळं आणि धूळ ओल्या रंगावर येऊन बसते, ती चिमट्याने काढताना रंगही निघतो.

पावसाळ्यात उलटं. हवेतच पाणी, कॉम्प्रेसरने हवा दाबली की त्यातलं पाणी सुटतं, नळीतून येतं आणि रंग मारता मारता मध्येच थू करून थेंब थुंकतो. वॉटर ट्रॅप लावा आणि तो रिकामा करत जा, नुसता लावून उपयोग नाही. लॅकर, म्हणजे उग्र थिनरवाला रंग, मारत असाल तर दुसरी कटकट, थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि चकचकीत काळ्यावर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते. पाऊस असेल त्या दिवशी लॅकर बंद. आणि लॅकर कधीही मारा, गॅलरीत किंवा खिडकीत पंखा बाहेर तोंड करून, फिल्टरवाला मास्क लावून, कपड्याचा नाही. म्हणून माझं वेळापत्रक साधं आहे, उन्हाळ्यात कापणं घासणं, पावसाळ्यात वाचन आणि डिकॅल (ते काय ते पुढे सांगतो), आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी रंग. या छंदासाठी नागपूरची थंडी देवाने दिलेली आहे.

डाकोटाचं अ‍ॅल्युमिनियम कसं आणायचं? चकचकीत धातूसाठी खाली ग्लॉस काळा मारतात आणि वर चांदीचे पातळ हात. पण रोज रात्री टपाल वाहणारं विमान आरशासारखं असेल का? नाही ना. ते मळकं, बोथट राखाडी चांदी असणार, इंजिनच्या मागे तेलाचे आणि धुराचे ओघळ. म्हणून खाली राखाडी पुरे. मात्र आजकाल फॅशन आलीय की प्रत्येक रेघेत काळं भरायचं, प्रत्येक कडेला रंग उडालेला दाखवायचा, लढाईतून आल्यासारखं. मला नाही पटत. हे विमान रात्री नागपूरला यायचं आणि सकाळी मुंबईत असायचं, त्याला रोज पुसणारे लोक होते.

डिकॅल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची पातळ चित्रं. त्याआधी ग्लॉस वार्निश मारा, खरखरीत मॅटवर लावलं तर खाली हवा अडकते आणि चांदीसारखी चमकते. आपल्या डाकोटासाठी व्हीटी वाली अक्षरं किटमध्ये मिळायची नाहीत, ती घरी छापावी लागतात. डिकॅल पेपर मिळतो, लेझर प्रिंटरवर काढा, इंकजेट असेल तर वरून क्लिअरचा हात मारल्याशिवाय पाण्यात टाकू नका, शाई वाहून जाईल. आणि हो, घरचा प्रिंटर पांढरं छापत नाही. काळी अक्षरं असलेलं विमान निवडलंत तर सोपं, पांढरी असतील तर पांढऱ्या डिकॅल पेपरवर भोवतालचा रंग छापावा लागतो आणि तो रंग विमानाच्या रंगाशी कधीच जुळत नाही.

प्रश्न आलाय, पहिलंच किट डाकोटा घ्यावं का? नाही. पहिलं एक इंजिनवालं घ्या, १/७२ चं स्पिटफायर घ्या, स्वस्त असतं, भाग कमी असतात, ते बिघडलं तरी चालेल अशा तयारीनेच करा आणि त्याच्यावर एअरब्रश शिका. त्याआधीही प्लास्टिकच्या चमच्यांवर मारून बघा, चमच्याचा बाक पंखाच्या कडेसारखा असतो. दुसरा प्रश्न मुलांचा, कटर लहान मुलाच्या हातात देऊ नका, निपर द्या, आणि रंग पाण्याचा द्या. नागपुरात कुठे मिळतं? खेळण्यांच्या दुकानात शोधाल तर बहुतेक तयार धातूची विमानं दाखवतात, किट मात्र ऑनलाइनच मागवावं लागतं, बॉक्स दबून येतो, म्हणून आल्या आल्या उघडून पार्ट मोजा, तक्रार करायची मुदत असते.

आता कूलर चालू करायच्या आधी सगळ्यांनी टेबलाजवळ या. डाकोटाचे स्प्रू आहेत, एक उघडं इंजिन आहे, चौदा सिलिंडर मोजता येतात, हातात घेऊन बघा. फक्त त्या छोट्या पिशवीत खिडक्यांच्या काचा आहेत, ती उघडू नका.