लूसी पार्सन्स : फाशीनंतरची पंचावन्न वर्षं

१८७७ चा उन्हाळा. अमेरिकेत रेल्वे कामगारांचा संप पेटलेला. शिकागोत त्यांच्या बाजूनं बोलल्याबद्दल छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या अल्बर्ट पार्सन्स यांची नोकरी गेली. दुसरा कुठलाही छापखाना त्यांना दारात उभं करेना. तेव्हा त्यांच्या पत्नीनं, लूसी यांनी, कपडे शिवून घर चालवलं. संशोधकांच्या मते त्यांचा जन्म गुलामगिरीतला. त्या स्वतः मात्र आपलं मूळ मेक्सिकन आणि मूलनिवासी असल्याचं सांगत.

शिवता शिवता त्या लिहू लागल्या. १८८४ मध्ये ‘अलार्म’ या अराजकवादी, म्हणजे राज्यसत्ताच नको म्हणणाऱ्यांच्या, पत्रातून त्यांनी उपाशी भटकणाऱ्या बेकारांना हाक दिली. स्फोटकं वापरायला शिका, असंही त्यात होतं. हे लपवून त्यांची गोष्ट सांगता येणार नाही.

१ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी संप झाला. ४ मे रोजी शिकागोतल्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेत बॉम्ब पडला. तो कुणी टाकला, हे कधीच सिद्ध झालं नाही. तरी अल्बर्ट धरून आठ अराजकवादी दोषी ठरले. ११ नोव्हेंबर १८८७. फाशीची सकाळ. लूसी दोन्ही मुलांना घेऊन तुरुंगापाशी आल्या. शेवटची भेट तर नाहीच. उलट पोलिसांनी तिघांनाही पकडलं, कपडे उतरवून झडती घेतली आणि कोठडीत डांबलं. तिघं कोठडीत असतानाच अल्बर्ट फासावर गेले.

हुतात्म्याची विधवा, एवढीच त्यांची ओळख पुढे उरली. हा त्यांच्यावर अन्याय आहे. १९०५ मध्ये शिकागोत ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या कामगार संघटनेची स्थापना होत होती. तिथं त्या म्हणाल्या, संपावर जाऊन बाहेर उपाशी मरू नका. आतच राहा, उत्पादनाची साधनं ताब्यात घ्या. तीन दशकांनंतर अमेरिकेतल्याच फ्लिंट शहरातल्या मोटार कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडलं आणि जनरल मोटर्सला वाटाघाटींना बसावं लागलं.

घरात मात्र त्या कठोर होत्या. सैन्यात जाऊ पाहणाऱ्या मुलाला त्यांनी १८९९ मध्ये मनोरुग्णालयात टाकलं. तो तिथेच वारला.

१९४२ मध्ये घराला लागलेल्या आगीत लूसी गेल्या. वाचलेली पुस्तकं आणि कागद सरकारी यंत्रणेनं उचलून नेले. ते परत मिळाले नाहीत. २००४ मध्ये शिकागोनं एका बागेला त्यांचं नाव दिलं, तेव्हा पोलिसांच्या संघटनेनं विरोध केला. नाव कायम राहिलं.