हाफ डाय: नदीवरचा रनवे

ही पश्चिम आफ्रिकेतली गांबिया नदी, आणि ती समुद्राला मिळते तिथे हे बांजुल, तेव्हाचं बॅथर्स्ट. बंदराजवळच्या या वस्तीचं नाव हाफ डाय, म्हणजे 'अर्धे मेले'. १८६९ च्या कॉलऱ्यात इथली निम्मी माणसं गेली असं म्हणतात. आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आपल्या फ्लाइंग बोटींच्या, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या, तळाला हेच नाव ठेवलं, वैमानिकांना काय वाटत असेल देव जाणे!

पण गंमत अशी की या नदीला पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची सवय लावली ती जर्मनांनी. १९३४ पासून लुफ्तहान्साची टपाल सर्व्हिस, युरोपातली पत्रं इथे यायची आणि इथून डॉर्निअर वाल विमानाने ब्राझीलला. एका दमात अटलांटिक पार होत नसे, मग भर समुद्रात एक जहाज उभं असायचं, विमान त्याच्याजवळ पाण्यात उतरणार, क्रेन त्याला उचलून डेकवर घेणार, टाकी भरली की गलोलीतून खडा सुटावा तसं कॅटापल्टवरून भुर्रर्र. हे जुनं फुटेज कितीही वेळा बघा, कंटाळा येत नाही.

मग १९४० ला फ्रान्स पडलं, भूमध्य समुद्राचा रस्ता धोक्याचा झाला, आणि इजिप्तला, अगदी आपल्या मुंबईला येणारे काफिलेसुद्धा फ्रीटाउनला थांबून आफ्रिकेला वळसा घालू लागले. मागावर यू-बोटी, म्हणजे जर्मन पाणबुड्या. त्यांना हुडकायला १९४१ मध्ये इथे आली ही ब्रिटिश फ्लाइंग बोट, संडरलँड.

चार इंजिनं, पंखांची रुंदी ३४ मीटर, आत झोपायला बंक आणि स्वयंपाकाला स्टोव्हसुद्धा, कारण एकदा उडालं की बारा-बारा तास नुसतं पाणी बघायचं. नदी संथ असली की उडणं सोपं वाटेल, पण उलट आहे, शांत पाणी विमानाचं बूड सोडतच नाही, म्हणून पुढे मोटरबोट पळवून मुद्दाम लाटा उठवायच्या. रात्री होड्यांवर दिवे लावायचे, तोच रनवे.

११ ऑगस्ट १९४३ ला वैमानिक लॉइड ट्रिगच्या लिबरेटर बॉम्बर विमानाने यू-४६८ ही पाणबुडी बुडवली, पण त्यात विमानातलं कुणीच वाचलं नाही. नंतर २०४ स्क्वाड्रनच्या संडरलँडला समुद्रात एक रबरी होडी दिसली, होडी ट्रिगच्या विमानातली, आत बसलेले यू-४६८ वरचे जर्मन. त्यांच्याच साक्षीवर ट्रिगला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.