कलम 152 नसलेलं कोर्ट

(इंदूरच्या एका मराठी मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. तुमच्या सेक्रेटरींनी विषय विचारला तेव्हा मी जेरी स्प्रिंगर म्हटलं, म्हणजे अमेरिकन टीव्हीवरचा तो भांडणांचा टॉक शोवाला. फोनवर जरा शांतता पसरली. मग ते हळूच म्हणाले, "ताई, अहिल्याबाईंवर काही चालेल का?" अहिल्याबाईंवर बोलणारे इंदुरात गल्लोगल्ली आहेत. स्प्रिंगरवर बोलणारी मी एकटीच निघेन, म्हणून हट्ट धरला.

तीसेक वर्षं मी इथे वकिली केली, त्यातली बरीचशी कुटुंब न्यायालयात. नवऱ्याचं बाहेर काय चाललंय, मूल कुणाचं, सासूने दागिने कुठे दडवले, हा माझा रोजचा बाजार. पुढे मुलीकडे अमेरिकेत गेले. दिवस-रात्रीचा घोळ झालेला, भर दुपारी टीव्ही लावला, तर समोर माझेच पक्षकार! भाषा इंग्रजी, भांडण तेच. फक्त इथे बघायला आलेले लोक "जेरी, जेरी" असा गजर करत होते, बाया एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या, आणि सूट घातलेला एक चष्मेवाला गृहस्थ हातात माइक धरून शांत उभा होता. हा माणूस शिकलेला वकील आहे, हे संध्याकाळी जावयांनी सांगितलं. तेव्हापासून तो डोक्यातून गेला नाही.

आधी त्याचा जन्म ऐका. 13 फेब्रुवारी 1944, लंडन. वरून जर्मन बॉम्ब पडत होते आणि लोक भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत आसरा घेत होते. हायगेट नावाच्या त्यातल्याच एका स्टेशनात तो जन्मला. आईवडील ज्यू, हिटलरच्या तावडीतून निसटून आलेले. दोन्ही आज्या मागे राहिल्या आणि नाझींच्या छळछावण्यांत गेल्या. त्यांचं नेमकं काय झालं हे त्याला साठी उलटल्यावर, एका ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमासाठी शोध घेताना कळलं, आणि कॅमेऱ्यासमोर तो ढसाढसा रडला. लोकांना रडवून पोट भरणारा माणूस म्हणून ज्याला नावं ठेवली गेली, त्याचं हे रडणं मात्र फार थोड्यांनी पाहिलं.

1949 साली हे कुटुंब बोटीने न्यूयॉर्कला आलं. मुलगा शिकला, 1968 साली शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून वकिलीची पदवी घेतली, रॉबर्ट केनेडींच्या प्रचारात काम केलं. मग ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात वकिली, आणि 1971 मध्ये नगरपरिषदेत निवड.

आता थोडं थांबू, कारण पुढचा सगळा माणूस इथून उगवतो. 1974 मध्ये पोलिसांनी शेजारच्या केंटकी राज्यातल्या एका मसाज पार्लरवर कारवाई केली, तेव्हा नगरसेवक स्प्रिंगर यांनी तिथल्या सेवेचे पैसे चेकने दिल्याचं बाहेर आलं. चेकने! अहो, वकिलाने! आपल्या कोर्टाबाहेरचा स्टॅम्प व्हेंडरसुद्धा इतका भोळा नसतो. त्याने पत्रकारांना बोलावून सगळं कबूल केलं आणि राजीनामा दिला. आपल्याकडे इथे गोष्ट संपली असती. पण 1975 मध्ये तो पुन्हा उभा राहिला, निवडून आला, आणि 1977 मध्ये तेहेतिसाव्या वर्षी महापौर झाला. 1982 ला ओहायोच्या गव्हर्नरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागताना टीव्हीवरच्या जाहिरातीत त्या चेकची गोष्ट त्याने आपणहून काढली. ती निवडणूक हरला, पण कबुलीची किंमत काय असते हे त्याला कळून चुकलं होतं.

आपल्या 1872 च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात पंचविसावं कलम होतं: पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. माणूस दबावाखाली काय बोलेल याचा भरवसा नाही, म्हणून. स्प्रिंगरला उलटा अनुभव आला. चारचौघांत कबूल केलं की लोक जवळ घेतात.

मग तो बातम्यांत शिरला. सिनसिनाटीच्या वाहिनीवर आधी राजकीय वार्ताहर, मग निवेदक. रोज रात्री शेवटी स्वतःचं दोन मिनिटांचं भाष्य. त्या कामाला टीव्हीचे 10 स्थानिक एमी पुरस्कार मिळाले, लक्षात ठेवा. 30 सप्टेंबर 1991 ला त्याचा टॉक शो सुरू झाला तो बेघर लोक, बंदुकांचे कायदे अशा विषयांवर. कुणी बघेना. 1994 मध्ये नवा निर्माता आला आणि विषय बदलले. आवाज बंद ठेवूनही समोरचा माणूस चॅनेल बदलणार नाही, असं काहीतरी पडद्यावर हवं, हा त्याचा हिशोब. 1998 च्या सुरुवातीला या कार्यक्रमाने प्रेक्षकसंख्येत ओप्रा विन्फ्रेच्या गाजलेल्या टॉक शोलाही मागे टाकलं.

मला त्यातल्या मारामारीपेक्षा प्रश्नांची पद्धत जास्त खुपली. आपल्या कोर्टात ज्याला आपण प्रतिपरीक्षण म्हणतो, पुण्या-मुंबईकडे उलटतपासणी, त्याचा पहिला धडा मला माझ्या सीनियरनी दिला होता: उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारायचा नाही. स्प्रिंगर सांगायचा, की माझ्या हातातल्या कार्डावर पाहुण्यांची नावं तेवढी असतात, आज काय उघड होणार हे मलाही ठाऊक नसतं. म्हणजे उत्तर माहीत नाही हाच तिथला धंदा.

आणि साक्षीपुराव्याच्या त्याच कायद्यातलं कलम 152. अपमान करण्यासाठी किंवा डिवचण्यासाठी विचारलेला प्रश्न न्यायालयाने रोखलाच पाहिजे. इतकंच नाही, प्रश्न योग्य असला पण विनाकारण बोचरा असला, तरीही. 2024 मध्ये कायदा नवा झाला, आकडा बदलला, तरतूद राहिली. कितीदा तरी मी विचारायला तोंड उघडलं आणि साहेबांनी वर बघून नुसतं "मॅडम" म्हटलं की गप्प बसले. स्प्रिंगरच्या स्टुडिओत सगळं होतं. फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, गच्च भरलेली गॅलरी. ते एक "मॅडम" म्हणणारं कुणी नव्हतं. 2000 साली कार्यक्रमात येऊन गेलेल्या एका बाईचा, तो भाग दाखवला गेला त्याच दिवशी, घटस्फोटित नवऱ्याने खून केला.

स्टुडिओ होता शिकागोत, आणि 1999 मध्ये तिथल्या नगरपरिषदेनेच स्प्रिंगरला बोलावून घेतलं: या मारामाऱ्या खऱ्या आहेत की खोट्या? खऱ्या असतील तर स्टुडिओत उभे असलेले सुटीवरचे पोलीस कुणाला पकडत का नाहीत? एका माजी महापौराची नगरसेवकांपुढे पेशी! आणि साक्षीदार कसा, तर वकील. धड हो नाही, धड नाही नाही.

त्याची बाजूही मांडते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई एकतर्फी बोलतात. तो म्हणे, सिनेनट्या स्वतःची लफडी टीव्हीवर सांगतात तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवता, गरीब माणसाने सांगितली की नाकं मुरडता. याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. 2008 मध्ये त्याच्याच लॉ कॉलेजने दीक्षान्त भाषणाला बोलावलं तेव्हा काही विद्यार्थ्यांनी निषेध केला. तो हसतहसत म्हणाला, की मी वकील, महापौर, निवेदक, टॉक शोवाला, म्हणजे आदर न करण्यासारखं सगळं करून बसलोय. 2018 ला कार्यक्रम थांबला, आणि 2019 ते 2022 त्याने काय केलं असेल? काळा झगा घालून टीव्हीवरच्या कोर्टात न्यायाधीश! 27 एप्रिल 2023 ला स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेला, वय 79.

एक पक्षकार बाई आठवते. कुटुंब न्यायालयाच्या 1984 च्या कायद्यात, दोघांपैकी एकाने जरी मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. नवऱ्याने मागितली. ही बाई भडकली. "त्याने मला साऱ्या मोहल्ल्यासमोर घालवलं, आता मोहल्ल्याला ऐकू दे की!" मी कायदा समजावला, तिला पटला नाही. दार लागलं. पाच-सहा माणसांपुढे तिने खालच्या आवाजात बयान दिलं. बाहेर आली, चहाच्या ठेल्यापाशी उभी राहिली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायला लागली. मी आणि समोरचे वकील तिथेच कट चहा मारत होतो. बघता बघता गर्दी जमली, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "दीदी, जरा जोर से, इधर सुनाई नहीं दे रिया."