परातीएवढे दिवे

श्रोतेहो, नमस्कार. आकाशात अनोळखी काही दिसलं, तर सैन्यात त्याची नोंद कशी करतात, तपास कसा होतो, हे आज सांगणार आहे. सुरुवात मात्र ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या आमच्या गच्चीवरून करते.

२३ फेब्रुवारी १९९९. संध्याकाळचे सात. शेजारच्या काकू गच्चीवर मटार सोलत बसल्या होत्या. एकदम हाक आली, "अगं, लवकर वर ये! महाराजपुऱ्याकडे काहीतरी उतरतंय. दोन दिवे आहेत, परातीएवढे!"

महाराजपुऱ्याला हवाईदलाचा तळ आहे; तिथल्या मिराज लढाऊ विमानांचा आवाज ग्वाल्हेरच्या माणसाला झोपेतही कळतो. इथे आवाजच नव्हता, म्हणून काकू जास्त घाबरल्या होत्या.

माझे मामा तेव्हा आमच्याकडे आले होते. हवाईदलातली त्यांची सगळी नोकरी रडारवर गेलेली. ते वर आले आणि आकाशाच्या आधी त्यांनी घड्याळ पाहिलं. वाण्याच्या बिलामागे लिहिलं, सात वाजून पाच मिनिटं. मग म्हणाले, "ताई, कुठे ते बोटानं दाखवा." काकूंचं बोट गेलं मावळतीकडे. आणि महाराजपुरा तर आमच्या घरापासून ईशान्येला! भीतीपोटी दिशा कशी फिरते बघा. आधी वेळ, मग बोटानं दिशा. मामांचा क्रम ठरलेला होता.

"आता हात लांब करून मूठ धरा. क्षितिजापासून किती मुठी वर?" एक मूठ आणि जरासं वर. "आता ताटातला एक मटार चिमटीत धरा. हात सरळ. एक डोळा मिटा." काकूंनी दाणा धरला, आणि दोन्ही दिवे त्या एका दाण्याआड गेले. परातीएवढे दिवे! काकू कितीतरी वेळ तो दाणा बाजूला करत होत्या, पुन्हा आडवा आणत होत्या.

मामा हसले नाहीत. मला हसू आलं तर त्यांनी डोळे मोठे केले. खाली उतरताना म्हणाले, "सांगणाऱ्याला हसलं, की पुढच्या वेळी तो गप्प बसतो."

मग त्यांनी आम्हाला टाकीच्या कठड्याला टेकून उभं केलं, जागचं हलायचं नाही म्हणाले, आणि शेजारच्या अँटेनाच्या दांडीवर नजर लावायला सांगितली. वीस मिनिटांत दोन्ही दिवे बरोबरीनं अर्धी मूठ खाली सरकले. आजूबाजूचे तारेही तेवढेच. ताऱ्यांच्या चालीनं चालतंय, म्हणजे ते ग्रह-ताऱ्यांपैकीच. शुक्र आणि गुरू. त्या दिवशी त्यांची युती होती, म्हणजे दोघे अगदी जवळजवळ दिसत होते.

आता एक बोलतेच. कॅलेंडर प्रत्येक घरात असतं. त्यावर आपण दुधाचा हिशोब लिहितो, एकादशी बघतो. पण ग्रहांची पानं मुलांना कोणी वाचून दाखवत नाही. आणि नव्या इमारतींच्या गच्चीला सरसकट कुलूप असतं, ते मला अजिबात पटत नाही. गच्ची मुलांची आहे.

असो. मामांनी विचारलं तेच सैन्याच्या कागदावर असतं. वेळ, दिशा, उंची, आकार, किती वेळ दिसलं. अमेरिकेच्या हवाईदलानं १९५४ साली काढलेल्या नियमावलीत आकार कसा सांगायचा तेही ठरवून दिलं होतं : हात लांब करून धरलेल्या वस्तूएवढा. टाचणीचं डोकं, नाणी, बास्केटबॉल अशी ती यादी, आणि तिच्यात वाटाणासुद्धा आहे! १९४७ ते १९६९ या काळात त्यांच्याकडे १२,६१८ नोंदी जमल्या. बहुतेकांचा उलगडा ग्रह-तारे, फुगे, विमानं असा झाला. ७०१ मात्र अनोळखीच राहिल्या, आणि तसं त्यांनी लिहून ठेवलं. ओळख पटली नाही, एवढंच.

आपल्याकडचंही ऐका. २०१२ च्या ऑगस्टपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या बाजूला जवानांना आकाशात दिवे दिसत राहिले. हेरगिरीची ड्रोन असतील, असा संशय होता. त्या थंडीत त्यांनी ३२९ वेळा नोंद केली. मग भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारलं. ते दिवे ताऱ्यांच्या चालीनं सरकतात का, हे त्यांनी तपासलं. पुन्हा तेच दोघे निघाले, शुक्र आणि गुरू. त्या जवानांची वर्तमानपत्रांतून थट्टा झाली, त्याचं मला फार वाईट वाटलं. दिसलं ते त्यांनी वेळेसकट लिहून ठेवलं, म्हणून तर उलगडा झाला.

आमच्या काकूंचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी बरोबर सातला त्या गच्चीवर होत्या, हातात मटाराचा एक दाणा. दोन्ही ग्रह आता त्याच्याआड एकदम मावत नव्हते. खाली येऊन त्यांनी कॅलेंडरवर, दुधाच्या दीड लिटरशेजारी, बारीक अक्षरात लिहिलं : सात वाजता, पश्चिमेला, एक मूठ, लांब गेले.

नमस्कार.